पाणी सोडणारे काकाजी

पांढुर्ण्यात माझे पाय टिकले ते काकाजींमुळे. हे आधीच लिहून टाकतो. पुढे त्यांच्या आजारपणाचं इतकं येणार आहे की वाचणाऱ्याला वाटेल, मीच त्यांना सांभाळलं. तसं नाही. सांभाळणारे ते होते.

काकाजी म्हणजे आमच्या वॉर्डात पाणी सोडणारे, नगरपालिकेतले. वॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी मानेमागून दोन्ही खांद्यांवर आडवी टाकायची, तिच्यावर हात लोंबते सोडायचे आणि गल्लीतून असं चालायचं, जसं काही स्वतःच्याच वरातीत निघालेत. ओट्यावरून बायका विचारायच्या, "काकाजी, आज येते का नाही?" उत्तर ठरलेलं. "येऊन राहिलं ना माय. भरून घ्या." पाण्याला अजून कितीही वेळ असो, ते येऊनच राहिलेलं असायचं. असा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याचं नाव फार जणांना ठाऊक नसतं, पण तो एक दिवस आला नाही तर सगळ्यांना कळतं.

मी लातूरकडचा, अहमदपूरच्या बाजूचा. शाळा सातवीत सोडली आणि बोअरवेलच्या गाडीवर लागलो. गाडी संत्र्याच्या बागांत बोअर मारत मारत नागपूरच्या पुढे, मध्य प्रदेशात पांढुर्ण्याला आली आणि इथं मला टायफाइड झाला. गाडी कोणासाठी थांबत नसते. ती बैतूलकडे निघून गेली आणि मी सरकारी दवाखान्यात एकटा. काकाजी तिथं टाकीचं पाणी बघायला आले होते. उशाच्या ग्लासापर्यंत माझा हात पोचत नव्हता, ते त्यांनी पाहिलं.

"कोणाचा आहे बे तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"गाव नाही विचारून राहिलो. सोबत कोण आहे?"

"कोणी न्हाई."

त्यांनी चावी भिंतीला टेकवली, पाणी पाजलं आणि नर्सबाईंना सांगून आले, "याच्यासोबत मी आहो. काही लागलं त मले बोलवा." ते रोज आले. आणि सुट्टी झाली त्या दिवशी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरीच घेऊन गेले. काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं वाळकं कुठून उचलून आणलं?"

"दवाखान्यात पडून होतं. पाणी घालून पाहू," काकाजी म्हणाले.

मुगाच्या डाळीचं पाणी, मग खिचडी, मग भाकर. मी 'करायलाव', 'जायलाव' म्हटलं की काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. "हा काय बोलून राहिला व, मले त समजतच नाही." त्यांची लेक लग्न होऊन नागपूरला गेली होती, तिची मागची खोली मला मिळाली. मोटर वाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं काम मिळालं, तेही काकाजींनीच शब्द टाकला म्हणून.

मी स्वभावाने भित्रा. फोन वाजला तरी छातीत धडधड, घरी कोणाला काय झालं असेल. मोटर भरून दिली तरी ती जळेल का, ही काळजी. काकाजी मला बघत बसायचे आणि म्हणायचे, "तुह्या डोक्यातला नळ कधी बंदच नाही होत का बे?"

तर असा हा माणूस. आणि याची पाठ आखडायला लागली.

सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. छाती पुढे, कंबर आत, चाल ताठ. गल्लीतले लोक म्हणायचे, "काकाजी, या वयात पोलिसात भरती झाले का?" तेही सलाम ठोकायचे. मग वॉल्व्हच्या खड्ड्यात वाकता येईना. गुडघे टेकून, एका कुशीवर होऊन ते चावी लावायचे. पोट हाताला लागलं तर पाटासारखं लागायचं. मग रस्ता आला. घरासमोरचा साधा रस्ता, पण काकाजी कडेला येऊन थांबत. मधे धरायला काही नाही म्हणून पाय उचलत नसे. मी हात धरायला गेलो की म्हणत, "धरू नको. नुसतं बोट लाव." कोपराला माझं एक बोट टेकलेलं असलं की ते रस्ता ओलांडत. बोट काढलं की उभेच.

आवाज तर मुळीच सोसेना. मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजला की सगळं अंग एकदम लाकडासारखं होई. शुद्ध जात नसे, हे लक्षात ठेवा. डोळे उघडे, कान उघडे, फक्त अंग कुलूपबंद. थोड्या वेळाने आपोआप सैल होई आणि ते घामाने भिजलेले असत.

दाखवलं नाही असं नाही. एका डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला. सौसरला काकूंचे भाऊ राहतात, त्यांच्या ओळखीचा एक जण तेल लावून हाडं बसवायचा. त्याने पाठीवर गुडघा ठेवला मात्र, काकाजी असे ताठले की तो बिचाराच बाजूला पडला. आणखी एका डॉक्टरांनी सांगितलं, मनाचं आहे, टेन्शन कमी करा. बाहेर आल्यावर काकाजी माझ्याकडे बोट दाखवून काकूंना म्हणाले, "टेन्शन हा घेते, अन् पाठ माही आखडते."

आता ती सकाळ. बरेच दिवस आमच्या भागात पाणी आलं नव्हतं. पाइपात काहीतरी अडकलं होतं. चौकात बायका गुंड-घागरी घेऊन, पुरुष पिंप घेऊन उभे. मी दुकान उघडायला निघालो होतो, तसाच थांबलो. काकाजींनी खड्ड्यात चावी लावली आणि जोर देऊन फिरवायला घेतली. तेवढ्यात संत्र्याच्या क्रेट भरलेल्या पिकअपने त्यांच्या पाठीशीच हॉर्न दिला.

काकाजी ताठ झाले. चावीला दोन्ही हातांची मिठी, मान मागे, डोळे वर आभाळाकडे. आणि त्याच क्षणी पाइपातला अडकलेला गाळ सुटला आणि चौकातल्या सगळ्या नळांना एकदम धो धो पाणी आलं.

मी धावलो, पण माझ्याआधी एक म्हातारी पोचली होती. तिने हात जोडले होते. "आली व माय," ती म्हणाली, "अंगात आली." कोणीतरी कपाळाला कुंकू लावलं. कोणीतरी पायांवर पाणी घातलं. म्हातारीने विचारलं, "माय, काय हुकूम आहे?"

काकाजींचे दात आवळलेले. दातांतून कसंबसं निघालं, "पाणी... भरून घ्या."

ते रोजच म्हणायचे तेवढंच हो. पण लोकांनी घरातली भांडीकुंडी काढून पाणी भरून ठेवलं. आणि झालं असं की दुसऱ्या दिवशी मुख्य पाइपलाइनच फुटली आणि सगळं पांढुर्णा कोरडं पडलं. पाणी होतं फक्त आमच्या चौकात. मग काय विचारता.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. काकाजींचं घर बौद्धांचं. दारावर पंचशील ध्वज, आत बुद्धाची मूर्ती, दर पौर्णिमेला दोघंही विहारात. देव अंगात येणं, उतारा, लिंबू हे सगळं त्यांच्या वडिलांच्याच पिढीत सोडलेलं. आणि आता त्याच दारात लोक नारळ घेऊन उभे. काकाजी खाटेवरून सांगायचे, "अहो, माह्या अंगात कोणी येत नाही. पाठीचा आजार आहे. आमच्यात हे नसते." लोक म्हणायचे, "देवी जात पाहून येते का, काकाजी?" काकू नारळ परत करायच्या, लोक ओट्यावर ठेवून जायचे. गल्लीतली पोरं ते फोडून खात. काकू म्हणायच्या, "एवढी वर्षं या ओट्याले कोणी पाय नाही लावला, आता उठूच नाही राहिले लोक."

कोणी मुलीचं लग्न विचारे, कोणी यंदा संत्र्याचा बहार टिकेल का विचारे. काकाजी म्हणत, "बहाराचं कृषी अधिकाऱ्याले विचारा." ही पण वाणीच समजली जाई.

मला झोप लागेना झाली. कारण माझ्या ध्यानात आलं होतं की लोकांना हळूहळू कळतंय, मोठा आवाज झाला की 'ती येते'. आणि तेच झालं. सावरगावचा एक मोठा बागवाला, आधीही पायांवर डोकं ठेवून गेलेला, गाय हरवली म्हणून आला. काकाजी ओट्याशी उभे होते. काही बोलण्याच्या आत त्याने सोबत आणलेली पितळी थाळी त्यांच्या कानाशी वाजवली. काकाजी उभ्याचे आडवे झाले, जसा खांब पडतो. हात पुढे आलाच नाही. ओट्याच्या कडेवर तोंड आपटलं. दोन दात गेले, हनुवटी फाटली. आणि तो माणूस रक्त पुसायच्या आधी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवत विचारत होता, गाय कुठल्या दिशेला गेली.

त्या संध्याकाळी टाके घालून आणल्यावर काकाजी माझ्याजवळ बोलले. तोंड सुजलेलं, शब्द अर्धेच.

"खरं सांगू का बे? मले थोडंसं बरं वाटून राहिलं होतं."

"काय बरं वाटायलंय? दात गेले तुमचे."

"त्याआधीचं म्हणतो. त्याच्या बापानं माह्या बापाले कधी ओट्यावर बसू नाही देल्लं. अन् त्या बापाचा पोरगा माह्या पायावर डोकं ठेवते. म्हटलं राहू दे ना काही दिवस." त्यांनी सुजलेल्या ओठावर रुमाल दाबला. "पण पाहाय, त्यानं गाईचं विचारलं. तुमची पाठ कशी आहे म्हणून नाही विचारलं. कोणीच नाही विचारत. मी बरा झालो त त्यांची देवी जाते."

"मग नागपूरला चला," मी म्हणालो. "मोठ्या दवाखान्यात. मी येतो."

"पाणी कोण सोडन?"

काकू आतून म्हणाल्या, "पांढुर्ण्याले नदी आहे. तुम्ही उद्या निघा." जाम नदी उन्हाळ्यात कशी असते ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण काकाजी हसले, आणि ते हसले म्हणजे तयार झाले.

आगगाडीने गेलो. इंजिनाची शिट्टी वाजेल तेव्हा काय होईल या धास्तीने मीच अर्धा ताठ झालो होतो. काकूंनी त्यांच्या कानात कापूस घालून वरून मफलर बांधला. भर उन्हाळ्यात मफलर. तिगावला एक बाई गाडीत चढली आणि म्हणाली, "बुवाले थंडी वाजून राहिली का?" काकाजी म्हणाले, "नाही, देवीले."

नागपूरच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या. मेंदू आणि नसांच्या. त्या विचारत होत्या आणि काकू सांगत होत्या. झोपेत अंग कसं असतं, असं त्यांनी विचारलं तेव्हा काकू म्हणाल्या, "झोपले की नरम. पोरासारखं. उठले की पुन्हा लाकूड." बाईंनी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात बाहेर कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला.

काकाजी खुर्चीतच ताठले. मी घाबरून उठलो. बाई उठून त्यांच्याजवळ गेल्या, मानेखाली हात दिला, दुसऱ्या हाताने पोट चाचपलं. आणि त्यांच्या कानाशी हळू म्हणाल्या, "काकाजी, तुम्हाला सगळं ऐकू येतंय, मला माहीत आहे. बोलू नका. आपण थांबू."

अंग सैल झाल्यावर काकाजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. ते त्या दिवशीही लपवायला मफलरचं टोक शोधत होते.

मग बाईंनी समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं लिहितो. आपल्या रक्तात रोगाशी लढणारे पहारेकरी असतात. कधी कधी ते चुकतात आणि आपल्याच शरीरातल्या कामाच्या गोष्टीला शत्रू समजतात. स्नायूला 'आवळ' असा निरोप लागतो, तसा 'सैल हो' असाही लागतो. काकाजींच्या शरीरात 'सैल हो' म्हणणाऱ्या निरोपाच्या वाटेवरच हे पहारेकरी तुटून पडले असावेत. त्यांना आधीपासून साखर होती, इन्सुलिन चालू होतं. तीही याच कुळातली असू शकते, असं त्या म्हणाल्या. रक्त बाहेरगावी तपासायला पाठवू, तोवर नक्की म्हणणार नाही. अंग आखडण्याची, थरथरण्याची कारणं पुष्कळ असतात, सगळ्यांचं मूळ हे नसतं. पण मोठ्या वयात असं नव्याने सुरू झालं तर हे एकदा तपासायला हवं, कारण यातलं काही काही औषधाने आटोक्यात येतं.

काकाजींनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे मॅडम, बंद करणारा ड्युटीवर आहे. अन् सोडणाऱ्याले आपलेच लोक मारून राहिले."

बाईंनी जरा विचार केला. "हो. बरंचसं तसंच."

"मग मले बरं समजलं," काकाजी म्हणाले. "आमच्या वॉर्डातही तसंच आहे."

रक्ताचा रिपोर्ट त्या म्हणाल्या तसाच आला. आधी अंग सैल करणाऱ्या गोळ्या झाल्या, आणि मग नसेतून द्यायचं औषध, सरकारी योजनेतून मिळालेलं. छोट्या छोट्या बाटल्या, थेंब थेंब. काकाजींनी सिस्टरला विचारलं, हे कशापासून बनते. तिने सांगितलं, हजारो लोकांनी दिलेल्या रक्तातून काढलेलं असतं. चांगले पहारेकरी, दुसऱ्यांचे.

"कोणत्या लोकांच्या?"

"ज्यांनी दिलं त्यांच्या. आम्हाला काय माहीत, बाबा."

ते बराच वेळ त्या थेंबांकडे बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. "पाहाय बे. याच्यात बामण असन, कुणबी असन, मुसलमान असन. तो गायवालाही असन. सारे मिळून अंगात येऊन राहिले." आणि पोट दाबून हसले. पोट दाबता येत होतं, म्हणजे ते नरम पडायला लागलं होतं. हे आधी काकूंच्या लक्षात आलं. त्यांनी हात लावून पाहिला आणि बाहेर जाऊन बसल्या.

पांढुर्ण्याला परतल्यावर काही दिवस लोक आले. काकाजी उठून त्यांना चहा देत, आपल्या पायांनी आत जाऊन कप आणत. त्यांना तसं चालताना पाहून लोकांचा धीर सुटला. एक बाई जाताना काकूंना म्हणाली, "गेली का व देवी? चांगली होती." काकू म्हणाल्या, "हाव, पण पाणी भराले नाही येत होती."

आजार मुळापासून गेला नाही. असा पूर्ण जात नाही म्हणतात. काही आठवडे बरे जातात, मग पाठ पुन्हा आवळू लागते, मग पुन्हा त्या बाटल्या. प्रत्येक वेळी नागपूर गाठणं होईना, म्हणून शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि दोघं लेकीकडे नागपूरला राहायला गेली. मागची खोली मीही सोडली. आता सौसरला दुसऱ्या दुकानात मोटरी भरतो. पांढुर्ण्याला कधी कामाने गेलो तर त्या चौकातून जातो. नवा माणूस मोटारसायकलवर येतो, चावी लावतो, फिरवतो, निघून जातो. बायका त्याला काही विचारत नाहीत.

मागे नागपूरला भेटायला गेलो होतो. निघताना काकाजी मला सोडायला खाली आले. बसस्टॉप रस्त्याच्या पलीकडे. रस्ता मोठा, मधे धरायला काही नाही. मी सवयीने कोपराशी गेलो, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि पाय उचलला. मधोमध पोचले असतील आणि एका सिटी बसने हॉर्न दिला. मला मागून त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. ते थांबले. रिक्षावाले ओरडत होते. मी एक बोट पुढे करून कडेलाच उभा होतो. मग त्यांचे खांदे हळूच खाली आले, आणि ते पुढचं पाऊल टाकून पलीकडे गेले. तिथून मला ओरडून म्हणाले, "ये ना बे आता, का तुले बोट लावाले येऊ?"

गेल्या महिन्यात सौसरला रक्तदानाचं शिबिर लागलं होतं. मी कामाचे कपडे बदलून गेलो. रांगेत उभं राहिल्यापासूनच छातीत धडधडत होतं. तिथल्या बाईंनी पट्टा बांधून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि म्हणाल्या, "दादा, किती घाबरून राहिले. नाडी पळून राहिली तुमची. आज नको." बिस्किटाचा पुडा तेवढा हातात दिला.

काकाजींना फोन करून सांगितलं, तर ते पलीकडे इतके हसले की काकूंनी फोन घेतला. काकू म्हणाल्या, "तू कायले गेला तिथं? तुले सुईची भीती."

कशाला गेलो ते मी फोनवर सांगितलं नाही, इथं लिहितो. काकाजी, तुमच्या बाटलीत कोणाकोणाचं असतं ते आपल्याला कधी कळायचं नाही. पण त्यात एक थेंब माझा असावा, एवढं मला पाहिजे. पुन्हा शिबिर लागलं की जाईन. परत पाठवलं तर त्याच्या पुढच्या वेळी जाईन. नाडी कधीतरी जागेवर येईलच, त्या दिवशी देऊनच येईन.